न भांडता मंजूर झालेला ठराव

अप्पांनी पेनाचं टोपण परत लावलं.

समोर करार उघडा होता. जपानी पाहुण्यांची सही झाली होती, शाई अजून ओली होती. त्याखालची रेघ अप्पांसाठी होती. त्यांनी पेन खिशाला अडकवलं, खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "चहा सांगा कुनीतरी."

आमच्या कंपनीत अप्पा बोर्ड मीटिंगमध्ये चहा मागतात तेव्हा काम थांबलेलं असतं, हे एव्हाना मला कळत होतं. जपान्यांना ते कळणं शक्य नव्हतं. त्यांच्यातले धाकटे इशी सान माझ्याकडे झुकून इंग्रजीत पुटपुटले, "फार छान मीटिंग झाली. अगदी आमच्याकडच्यासारखी."

नेमका तोच घोटाळा झाला होता.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. परदेशी भागीदारीचे नियम सैल झाले होते आणि जो तो जपानी, जर्मन, कोरियन पाहुणा शोधत होता. गेवराईत आमचा रबराच्या ऑइल सीलचा कारखाना आहे. ऑइल सील म्हणजे इंजिनातलं तेल बाहेर झिरपू नये म्हणून बसवतात ती रबरी कडी. आमचा बहुतेक माल एका मोटरसायकल कंपनीला जायचा. त्या कंपनीने कळवलं होतं की यापुढे जपानी तंत्राने बनवलेलं सीलच घेऊ. तंत्र देणारी जपानी कंपनी आमच्याकडे अर्धी भागीदारी मागत होती. करार झाला तर कारखाना चालणार होता. नाही झाला तर पुण्याचा एक कारखानदार वाट बघतच बसला होता, आणि आमच्या यंत्रांवर पोती टाकायची वेळ आली असती. पाहुणे त्याच दुपारी परत निघणार होते.

मी या कंपनीची सेक्रेटरी. गेवराईत हे सांगितलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात. एक म्हणजे टायपिंग. दुसरी म्हणजे गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सुरुवातीला दोघातिघांनी मला बसस्टँडवर गाठून पीककर्ज कधी सुटणार ते विचारलं होतं. कंपनी सेक्रेटरीचं काम वेगळं. संचालकांच्या सभेला बोर्ड मीटिंग म्हणतात. तिची नोटीस काढायची, विषय लावायचे, जे ठरलं त्याचा ठराव लिहायचा आणि सगळं कायद्यात बसतंय ना ते बघायचं. कंपनीचं भांडवल एका मर्यादेपलीकडे गेलं की सेक्रेटरी ठेवावाच लागतो. आग विझवायचं लाल नळकांडं भिंतीला लावावं लागतं, तशी मी त्या कंपनीत लागले होते.

माझं शिक्षण नन्सच्या इंग्रजी शाळेत झालं. तिथे मला दोन गोष्टी नीट आल्या, स्पेलिंग आणि गप्प बसणं. सेक्रेटरीच्या कामाला दोन्ही लागतात. मीटिंगमध्ये मी "विषय क्रमांक चार" एवढंच बोलायचे. तेही खाली बघून.

बोर्डावर तेव्हा तिघं होते. चेअरमन मन्मथअप्पा. गेवराईत त्यांचं तेलाचं दुकान होतं, मग घाणा आला, मग हा कारखाना. दुसरे नाना, चकलांब्याचे मोठे जमीनदार आणि राजकारणी. कारखान्याखालची जमीन त्यांची, तिच्या बदल्यात त्यांना शेअर मिळालेले. तिसरा अप्पांचा मुलगा विश्वनाथ. तो इंजिनिअर, कारखाना तोच चालवतो. अप्पा आणि नाना गेवराईच्या शाळेत एका बाकावर बसलेले. एरवी एकमेकांना अहोजाहो करायचे. भांडण लागलं की "बे" वर यायचे.

आणि भांडण प्रत्येक मीटिंगला लागायचं.

माझी पहिली मीटिंग कुंपणाच्या विषयावर होती. भिंत घालायची की काटेरी तार, एवढाच प्रश्न. नानांनी टेबलावर मूठ आपटली तेव्हा माझा पेन्सिलीचा डबा खाली पडला. अप्पांनी नानांच्या वडिलांच्या विहिरीचा विषय काढला. नानांनी अप्पांच्या तेलात काय काय मिसळलेलं असतं ते सांगितलं. माझं ट्रेनिंग मुंबईच्या एका मल्टिनॅशनलमध्ये झालं होतं. तिथे कुणी "विथ ड्यू रिस्पेक्ट" म्हटलं की समजायचं, रिस्पेक्ट संपला. पण आवाज कधी चढत नसे. इथे मला वाटलं, कंपनी मोडली. नवीन नोकरीच्या जाहिराती कोणत्या वारी येतात ते मी आठवू लागले. इतक्यात अप्पा म्हणाले, "तार. लिहा, पोरी. एकमतानं." आणि दोघं एका जीपमधून अप्पांच्या घरी जेवायला गेले.

"एकमतानं लिहू?" मी विश्वनाथला विचारलं.

"मग? झालं की एकमत," तो म्हणाला.

पुढे एकदा धीर करून मी अप्पांना विचारलं, की एवढं भांडावंच लागतं का. ते म्हणाले, "जो मीटिंगीत भांडत न्हाई, तो भाईर जाऊन भांडतो. दुकानात गिऱ्हाईक घासाघीस न करता भाव कबूल करतं ना, तवा मी आधी त्याची नोट उजेडात धरून बघतो."

हे वाक्य मी तेव्हाच नीट लक्षात ठेवायला हवं होतं.

जपानी पाहुणे पहिल्यांदा आले तेव्हा विषय जनरेटर कुठे बसवायचा हा होता. मोठे पाहुणे कुरोदा सान; सान म्हणजे आपल्याकडचं 'राव'. त्यांच्या कंपनीत ते परदेशातल्या सगळ्या भागीदाऱ्या बघत. बारीक, पांढऱ्या केसांचे, क्वचित बोलणारे. इंग्रजी त्यांना थोडं यायचं, पण ते वापरत नसत. त्यांचं बोलणं इशी सान इंग्रजीत सांगायचे, इंग्रजीचं मराठी मी करायचे. जनरेटरवरून नाना उभे राहिले आणि अप्पांनी फाइल आपटली, तेव्हा कुरोदा सानांनी डोळे मिटून घेतले.

व्हरांड्यात इशी सानांनी मला हळूच विचारलं, "यांची भागीदारी मोडतेय का?"

"नाही," मी म्हणाले. "आता जेवायला जातील."

जेवण अप्पांच्या घरी. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. कुरोदा सानांनी पानातला शेवटचा कण टिपून खाल्ला. अप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतः उठून पुन्हा सगळं वाढलं. कुरोदा सानांनी तेही संपवलं. अप्पांनी पुन्हा वाढलं. कुरोदा सानांच्या कपाळावर घाम होता, पण ते वाकून "व्हेरी गुड" म्हणाले.

"मानूस अस्सल हाय," अप्पा मला म्हणाले. "पानात काई टाकत न्हाई."

नंतरच्या प्रत्येक भेटीत हेच झालं. वाढायला आता अप्पांच्या घरातली सगळी माणसं हौसेने पुढे यायची.

करार पक्का होत आला तसा जपानहून फॅक्स आला. भाषा फार गोड होती. मतलब एवढाच, की अंतिम बैठकीत सर्व संचालकांचं पूर्ण एकमत असेल अशी आशा आहे. मी इशी सानांना फोन लावला. ते म्हणाले, "आमच्याकडे मीटिंगमध्ये काही ठरत नाही. आधी एकेकाला भेटून त्याचं मन वळवतात. मीटिंग म्हणजे नुसती मान डोलवायची जागा. याला आम्ही नेमावाशी म्हणतो. झाड दुसरीकडे हलवायचं असेल तर आधी मुळांभोवती हळूहळू खणून त्याला तयार करतात, तसं. मागच्या वेळचं दृश्य पुन्हा झालं, तर आमचं टोकियोतलं बोर्ड घाबरेल."

मला ही पद्धत मनापासून आवडली. माझ्यासारखीला चारचौघांत बोलण्यापेक्षा एकेकाशी हळू बोलणं सोपं. मी कामाला लागले.

अप्पांना मी त्यांच्या दुकानात भेटले, तेलाच्या डब्यांच्या मधे स्टूल टाकून. त्यांचे सगळे प्रश्न ऐकले, कलमं समजावली. विश्वनाथला कारखान्यात गाठलं. नानांसाठी चकलांब्याला गेले. ते मोसंबीच्या बागेत खाटेवर बसले होते. मी त्यांना मुळं खणायची गोष्ट सांगितली. ती त्यांना लगेच पटली.

"बरूबर हाय. न खणता झाड उपटलं की मरतं." मग त्यांनी करारावरच्या सगळ्या शंका माझ्यावर काढल्या. तासभर एकटे भांडले. मी टिपून घेतलं, पाहुण्यांकडून त्यातल्या बऱ्याच गोष्टी बदलून आणल्या. नाना खूश झाले.

"पण नाना, मीटिंगमध्ये आवाज नको," मी म्हणाले. "पाहुणे घाबरतात."

"जिभेला कुलूप, म्याडम. चावी तुमच्यापाशी. तुमी मान हलवल्याबिगर नाना बोलायचा न्हाई."

माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात नीटनेटकं काम होतं, असं मला वाटलं. एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली. मी प्रत्येकाला वेगळं भेटले होते. अप्पा आणि नाना या करारावरून एकमेकांशी एकदाही भांडले नव्हते.

मीटिंग सुरू झाली. विषय एक, मंजूर. विषय दोन, मंजूर. इशी सान खुशीत होते. नाना छताच्या पंख्याकडे बघत होते, आणि अप्पा नानांकडे. विषय पुढे सरकत होते तशी अप्पांची नजर बारीक होत चालली होती. दुकानात ते नोट उजेडात धरतात तेव्हा अगदी अशीच नजर असते. पण माझ्या ते ध्यानात आलं तोवर टोपण पेनावर बसलं होतं.

चहा आला. कुणी घेतला नाही.

"नाना," अप्पा शांतपणे म्हणाले, "कावून गप हैस बे?"

"मला मान्य हाय सगळं," नाना पंख्याला म्हणाले.

"मान्य? कुंपनाची तार तुला मान्य नव्हती. जनरेटर मान्य नव्हता. आन् अर्धी कंपनी द्यायची, ती मान्य?"

"हाय म्हनलो की."

"मंग एक सांग. काय कबूल केलंय यांनी तुला?"

नानांचा चेहरा काळवंडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द दिलेला माणूस. बोलले तर शब्द मोडतो, न बोलले तर विकले गेल्यासारखे दिसतात. ते काहीच बोलले नाहीत, आणि अप्पांची खात्री पटली. नानांनी खुर्चीवरचं उपरणं उचलून खांद्यावर टाकलं आणि उभे राहिले. इतक्या वर्षांच्या दोस्तीतलं ते पहिलं खरं भांडण असावं, आणि त्याला आवाज नव्हता.

इशी सानांना अर्थातच वाटलं की मीटिंग संपली म्हणून नाना त्यांचा निरोप घ्यायला उठलेत. तेही उठून वाकले.

मी खरं सांगून टाकू शकले असते, की नानांना मीच गप्प बसायला सांगितलं. पण मग कुणाच्या सांगण्यावरून, हा पुढचा प्रश्न अप्पांनी विचारलाच असता. उत्तर समोर बसलं होतं. पेन खिशातून परत निघालं नसतं. अप्पांना त्या क्षणी खुलासा नको होता. त्यांना भांडण हवं होतं. विश्वनाथ बापापुढे आवाज चढवत नसे. खोलीत भांडायला मोकळं असलेलं माणूस एकच उरलं होतं.

"सभेच्या ठिकाणाचं कलम," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्याला माझी हरकत आहे."

विश्वनाथ दचकला. "मॅडम, तुम्हाला मत नाही."

"मत नाही. हरकत आहे. कायदेशीर सल्ला देणं माझं काम आहे."

"आता? सही व्हायच्या वेळी?"

"सही झाल्यावर दिला तर उपयोग नाही."

अप्पा खुर्चीत पुढे सरकले. "बोल, पोरी."

मी कलम वाचलं. बोर्डाच्या सभा मुंबईत होतील, एवढं साधं वाक्य होतं. मुंबईत जपानी कंपनीचं ऑफिस होतं, म्हणून कुणाला काही वाटलं नव्हतं. मग मी कोरम म्हणजे काय ते सांगितलं. सभा खरी धरली जायला निदान इतके संचालक हजर हवेत, असा जो आकडा असतो तो कोरम. करारानंतर आपल्या बोर्डावर पाच जण असणार, आपले तीन आणि कुरोदा सान, इशी सान. पाचांच्या बोर्डाचा कोरम कायद्याने दोन.

"मंजी?" अप्पांनी विचारलं.

"म्हणजे रीतसर नोटीस काढून हे दोघं मुंबईत बसले आणि तुम्ही जाऊ शकला नाहीत, तरी ती पूर्ण बोर्ड मीटिंग."

"ह्ये दोगंच?"

"हे दोघंच."

नाना दारापाशी थांबले होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

कुलूप निघालं. नानांनी परत येऊन उपरणं टेबलावर आपटलं. "अरे वा रे वा! जिमीन माझी, छप्पर अप्पाचं, आन् मीटिंग मुंबईला? मंग कारखाना बी न्या की उचलून! यांच्या विमानाला पंक्चर होत नसंल, आमच्या यष्टीला होतंय! अप्पा, तू सही करायला बसलाच कसा बे? वाचतो का न्हाई काई?"

"मी वाचतो! तू काय पंख्याची पाती मोजायलतास का?" अप्पा ओरडले. त्यांच्या गालांवर रंग परतला होता. "वाचलंतास तर तोंड उघडायचं!"

"उघडलंय आता! मिटवून दाखव!"

इशी सान पांढरेफटक पडले. "काय झालं? ते काय म्हणतायत?"

"संचालकांना सभेच्या ठिकाणाबद्दल थोडी शंका आहे," मी इंग्रजीत म्हणाले.

"एवढ्या आवाजात?"

"प्रवासाची अडचणही आहे."

इशी सानांनी ते जपानीत सांगितलं. कुरोदा सानांनी डोळे मिटले नाहीत. ते उत्तरादाखल बोलू लागले, आणि बराच वेळ बोलत राहिले. एकदा त्यांनी पोटावर हात ठेवला. बोलणं संपल्यावर इशी सान मला म्हणाले, "ते म्हणतात, मुंबई सोयीची आहे."

"मुंबई सोयीची आहे," मी मराठीत सांगितलं.

अप्पांनी टेबलावर बोट वाजवलं. "ए पोरी. तो म्हातारा एवढं लांबलचक बोलला आन् तू तीन शब्दांत गुंडाळतीस? मधलं कुनी खाल्लं?"

मी इशी सानांकडे वळले. "सगळं सांगा."

"सगळं सांगणं बरं दिसणार नाही."

"इथे न सांगणं बरं दिसत नाही. ते समजतायत की तुम्ही कंपनी पळवताय."

इशी सानांनी कुरोदा सानांना काहीतरी विचारलं. कुरोदा सानांनी मान डोलवली. इशी सानांचे कान लाल झाले. मग ते एकेक वाक्य सांगत गेले आणि मी त्याचं जसंच्या तसं मराठी करत गेले. कमी-जास्त न करता केलेलं ते माझं पहिलं भाषांतर.

"कुरोदा सान म्हणतात, लहानपणी त्यांना शिकवलं की पानात दाणा टाकणं म्हणजे पिकवणाऱ्याचा अपमान. म्हणून पहिल्या वेळी त्यांनी पान स्वच्छ केलं. तुम्ही पुन्हा वाढलंत. त्यांनी पुन्हा स्वच्छ केलं. तुम्ही पुन्हा वाढलंत."

अप्पा ऐकत होते.

"त्यानंतर परतीच्या विमानात ते स्वतःच्या खुर्चीवर फारसे बसले नाहीत. घरी गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं की तुम्ही भारतात नेमकं काय बनवता. दुसऱ्या वेळी ते आधी उपास करून आले. उपयोग झाला नाही. कायद्याने दर तीन महिन्यांनी बोर्ड मीटिंग घ्यावीच लागते, हे त्यांना वकिलाने सांगितलं तेव्हा त्यांना झोप लागली नाही. तुमच्याबद्दल त्यांना फार आदर आहे, म्हणून नको म्हणता येत नाही. त्यांनीच वकिलाला सांगितलं की मुंबई लिहा."



"पान रिकामं केलं मंजी अजून पायजे, न्हाई का?" अप्पांनी मला विचारलं.

"त्यांच्याकडे पान रिकामं केलं म्हणजे पोट भरलं."

"मंग पुरे म्हनायचं की सरळ!"

"ते उद्धटपणाचं दिसलं असतं."

"आन् मी समजलो मानूस अस्सल हाय, खातोय आवडीनं..." अप्पांचा आवाज खाली आला. आपण पाहुण्याला दर भेटीत काय करत होतो, ते त्यांना दिसत असावं.

नाना मात्र खुर्चीत कोसळून हसत होते. "आमी समजलो, कंपनी पळवतेत! आन् ह्यो गडी ठेच्याला भिऊन पळायलाय!"

"हेही सांगू?" मी विचारलं.

"सांगा! शब्द न् शब्द सांगा!"

मी सांगितलं. इशी सानांनी घाबरत पुढे सांगितलं.  कुरोदा सानांनी टेबलावर मूठ आपटली. नाना आपटतात तशीच, अगदी त्याच जागी. आणि स्वतःच्या तोंडाने, इशी सानांच्या मदतीशिवाय म्हणाले, "ठेचा, नो! गेवराई, ओके!"

अप्पांनी पेनाचं टोपण काढलं.

पण मी थांबवलं. एकदा तोंड उघडल्यावर ते लगेच मिटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आधी कलम दुरुस्त करू, मी म्हटलं. मुंबई खोडून गेवराई लिहिलं. खाली एक ओळ वाढवली, की कोरममध्ये दोन्ही बाजूंचा निदान एकेक संचालक हवा. ही ओळ वाचून कुरोदा सान इशी सानांना काहीतरी म्हणाले. या वेळी मला विचारावं लागलं नाही.

"ते म्हणतात, ही ओळ आमच्याच वकिलाने सुचवायला हवी होती. आणि विचारतायत, की हरकत घ्यायचं तुमचं आधी ठरलेलं होतं का."

"नाही," मी म्हणाले.

इशी सानांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. खाडाखोडीच्या बाजूला सगळ्यांनी छोट्या सह्या केल्या. मग अप्पांनी मोठी सही केली, लफ्फेदार, रेघेच्या खाली जाणारी.

"लिहा, पोरी. एकमतानं."

मिनिट्स म्हणजे सभेचं इतिवृत्त. त्यात मी लिहिलं, "सभेच्या ठिकाणाबाबत सविस्तर चर्चा होऊन कलमात दुरुस्ती करण्यात आली. भोजनव्यवस्थेतही योग्य तो बदल करण्याचे ठरले." वाचणाऱ्या ऑडिटरला त्यात काहीही आढळलं नाही.

निघण्याआधी पाहुण्यांना अप्पांच्या घरी थांबणं भागच होतं. कुरोदा सानांच्या पानात वरण-भात आणि दही, बाकी काही नाही. जीपमध्ये नानांनी खुणा करून त्यांना धडा दिला होता, की शेवटचा घास ठेवायचा. कुरोदा सानांनी भात संपवत आणला आणि एक घास शिल्लक ठेवला. तो तसा ठेवताना त्यांना फार जड गेलं असावं, कारण बोटं दोनदा त्याच्याकडे गेली आणि परत आली. अप्पा वाढायचा डाव हातात घेऊन आले, त्या घासाकडे बघत उभे राहिले, आणि पुढच्या पानाकडे निघून गेले.

त्यानंतर तीन महिन्यांनी पहिली संयुक्त बोर्ड मीटिंग होती. नोटीस पाठवली तसा जपानहून फॅक्स आला. भाषा पूर्वीसारखीच गोड होती. "आगामी बैठकीत हरकत कोण घेणार आहे, हे कृपया आधी कळवावे. प्रत्येक वेळी आपल्या बाजूवर भार टाकणे योग्य होणार नाही. या खेपेस आमच्या बाजूने श्री. इशी तयारी करत आहेत."

मी तो फॅक्स अप्पांना दाखवला नाही. ठरवून केलेलं भांडण अप्पांनी ओळखलं असतं. नानांना दाखवला. ते म्हणाले, "त्याला दोन शब्द मी शिकवतो. फोन लावा." मी लावला आणि खोलीबाहेर गेले. काही गोष्टी सेक्रेटरीला अधिकृतपणे माहीत नसलेल्या बऱ्या.

मीटिंगला विषय क्रमांक तीन यंत्रांना कोणता रंग द्यायचा हा होता. सगळे हो म्हणायच्या बेतात होते. अप्पांचा हात पेनाच्या टोपणावर होता आणि ते काढलं जातंय की लावलं जातंय, कळत नव्हतं. इशी सान उठले. आधी कमरेत नीट वाकले. मग सरळ होऊन, टेबलावर हळूच मूठ टेकवून म्हणाले,

"आमाला मान्य न्हाई बे!"

अप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. मग नानांकडे. मग माझ्याकडे. मी खाली बघून मिनिट्स लिहीत होते.

"कावून मान्य न्हाई?" अप्पांनी टोपण काढत विचारलं.

पुढचं वाक्य नानांनी इशी सानांना शिकवलेलं नव्हतं. त्यामुळे तिथून पुढचं भांडण खरं झालं, आणि यंत्रं शेवटी हिरवी रंगवली गेली.

कोरमला किती संचालक हवेत ते कंपनी कायद्यात लिहिलेलं आहे. त्यातला निदान एक भांडणारा हवा, हे लिहिलेलं नाही. मी नोटीस काढताना तेवढं बघून घेते.